माल कुठला?

मोबाईलवर ‘कवड्याची माळ’ असं टाकून शोधलं की शॉपिंगच्या अ‍ॅपवर ती लगेच सापडते. फोटोत पांढऱ्या-पिवळट कवड्या, त्याखाली किंमत, मग ‘तुळजापूर स्पेशल’ असं काहीतरी, आणि अगदी तळाशी, जिथे आपलं बोट सहसा पोचत नाही तिथे, एक ओळ : ‘कंट्री ऑफ ओरिजिन – इंडिया’.

माझं बालपण धाराशिवात गेलं. तुळजापूर तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. नवरात्रात जोगवा मागायला निघालेल्या आराधी बायकांच्या गळ्यात ही माळ आणि हातात परडी असायचीच. भवानीची माळ म्हणजे तुळजापूरची, यात कुणाला शंका नव्हती, मलाही नव्हती. पण ती ओळ वाचल्यावर एक साधा भूगोलाचा प्रश्न डोक्यात आला. कवडी हा समुद्रातला जीव. तुळजापूरहून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर आहे. मग या मालाचं मूळ नक्की कुठलं?

कवड्या उबदार, उथळ समुद्रात होतात. शेकडो वर्षं त्यांचं सगळ्यात मोठं कोठार होतं मालदीव. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काझी म्हणून राहिला होता. त्याने लिहून ठेवलंय की बेटावरचे लोक हे जीव समुद्रातून गोळा करतात, खड्ड्यांत टाकतात, मांस कुजून गेलं की पांढरी कवची उरतात आणि बंगालचे लोक त्याबदल्यात तांदूळ देतात. तिथून त्या चलन म्हणून देशभर फिरायच्या. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘खिशात फुटकी कवडी नाही’ म्हणतो, ती त्या नाण्याची आठवण. म्हणजे ज्या भाषेत समुद्र न पाहिलेले लोक कवडीवरून म्हणी करतात, त्या भाषेपर्यंत हा माल फार आधीच आलेला होता.

२०२३ च्या अखेरीस तुळजापूरच्या कवड्याच्या माळेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो ते. त्याच खेपेत जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यालाही मिळालं, शेजारच्या लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही. ज्वारी-डाळीचं समजतं, ती जमिनीतून येते. पण समुद्राच्या कवडीला डोंगरावरच्या गावाचं मानांकन?

उत्तर कायद्यातच आहे. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याच्या व्याख्येत म्हटलंय की माल कारागिरीचा असेल, तर उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एखादं काम त्या प्रदेशात झालं पाहिजे. एखादं. सगळी नव्हे. म्हणजे कवडी कुठूनही येवो, ती ओवली जाते तुळजापुरात, आणि कायद्याला तेवढं पुरतं. पैठणीचंही असंच आहे. रेशीम कर्नाटकातलं, जर सुरतेची, पण विणकाम पैठण-येवल्याचं, म्हणून ती पैठणी. यात लबाडी काही नाही. फक्त ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ आपण समजतो तेवढा एकसंध नाही. कच्चा माल जिथला, हात जिथले, आणि जिथून गाडीत चढला ते ठिकाण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबलवर जागा मात्र एकाच नावाला असते.

धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तो इथे मुक्कामाला आहे. त्यासाठी तेरला जावं लागेल.

*

तेर हे तेरणा नदीकाठचं गाव. संत गोरोबाकाकांचं म्हणून वारकऱ्यांना माहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या व्यापाऱ्याला कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वारे कधी धरायचे, याची ती कामाची वही म्हणायला हरकत नाही. लेखकाचं नाव त्यावर नाही, पण माणूस व्यवहाराचा पक्का होता. तो सांगतो की भडोच बंदरातून दक्षिणेकडे वीस दिवस गेलं की पैठण लागतं, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतात. तगरहून साधं कापड भरपूर येतं, तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला उतरतो.

ते तगर म्हणजे आपलं तेर.

पण त्या नोंदीत आणखी एक तुकडा आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लेखक म्हणतो की तगरहून येणाऱ्या मालात असाही माल असतो जो समुद्रकाठच्या प्रदेशांतून आधी तगरला आणलेला असतो. म्हणजे पूर्व किनाऱ्याकडचा माल तेरच्या बाजारात यायचा, तिथे हात बदलायचा, गाड्यांत भरला जायचा आणि पश्चिमेला ‘तगरहून आलेला’ म्हणून उतरायचा. ‘तगरहून आलेला’ आणि ‘तगरला झालेला’ यांत फरक आहे, हे त्या अनाम व्यापाऱ्याला कळत होतं आणि त्याने ते नोंदवलं. इतका प्रामाणिकपणा आजच्या अनेक पाकिटांवर नसतो.

रोममध्ये बसलेल्या गिऱ्हाईकाला याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याच्या दृष्टीने सगळं ‘इंडियाचं’. प्लिनी नावाचा रोमन लेखक त्याच शतकात कुरकुर करतो की दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान ओढून नेतं आणि तिथला माल आपल्याकडे मूळ किमतीच्या शंभर पटीने विकला जातो. त्या शंभर पटीतलं तेरणेकाठच्या विणकराच्या पदरात किती पडलं असेल, याचा हिशेब प्लिनीने मांडला नाही. कापूस पिकवणारा, सूत काढणारी, विणणारा, गाडीवान, भडोचचा दलाल, जहाजाचा मालक, अलेक्झांड्रियाचा सावकार. नाव जितकं मोठं होत जातं, तितकं ते धाग्यापासून लांब जातं.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पंढरीच्या वाटेवर, गोरोबाकाकांच्या दर्शनाला, कुठल्याही निमित्ताने त्या बाजूला गेलात तर अर्धा दिवस काढाच. शाळेच्या सहलीत आम्ही ते पंधरा मिनिटांत उरकलं होतं, कारण पुढे जेवण होतं. लामतुरे तेरचेच. गावात नांगरताना, पाया खणताना, पावसाने पांढरीची माती वाहून गेली की ज्या वस्तू वर यायच्या, त्या त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची चित्रं, नाणी. त्यातल्या दोन वस्तूंसमोर मी मोठेपणी बराच वेळ उभा राहिलो.

पहिली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. तिची गोष्ट इटलीत सुरू होते. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, वीतभरापेक्षा थोडी उंच, दागिन्यांनी मढलेली, उघडउघड भारतीय. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचलेली. इटालियन संशोधकाने तिला ‘लक्ष्मी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं, जरी ती बहुधा कुठल्यातरी सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भारतात कुठे बनली? सुरुवातीला अभ्यासकांची नजर मथुरेकडे गेली, कारण मथुरेची शिल्पं माहितीतली होती. मग तेरची मूर्ती पुढे आली. १९७३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तसल्याच मूर्तीचा खालचा भाग मिळाला. केसांची ठेवण, दागिने, शेजारी उभ्या दासी, सगळं त्या इटलीतल्या बाईच्या वळणाचं. तेव्हापासून तिचं माहेर सातवाहनांच्या मराठवाड्यात असावं, असं म्हणणारे वाढले. पण एक अडचण उरलीच : पाँपेईच्या मूर्तीवर एक अक्षर कोरलंय आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी ही वायव्येची लिपी, पेशावर-तक्षशिलेकडची. मग ती दख्खनेत घडून वायव्येकडच्या कुणाच्या हातातून गेली, की वायव्येकडेच घडली? एका अक्षराने अभ्यासकांना कित्येक दशकं कामाला लावलंय. लेबल अपुरं असलं की असं होतं.

पूर्ण लेबल कसं असतं त्याचा नमुनाही त्याच काळच्या आसपास आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर कोरलंय की हे नक्षीकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. काम काय, केलं कुणी, गाव कुठलं. एका ओळीत सगळं.

तेरच्या संग्रहालयातली दुसरी वस्तू दिसायला अगदी किरकोळ आहे. मातीच्या छोट्या गोल चकत्या. त्यांवर रोमन नाण्यासारखा मुखवटा. तेरला, तेलंगणातल्या कोंडापूरला, आणि दख्खनेत इतरही ठिकाणी त्या मिळाल्या आहेत. सम्राट टिबेरिअसच्या वगैरे नाण्यांवरून ठसा घेऊन त्या इथेच भाजल्या गेल्या. ओवायला भोक किंवा कडी असते, म्हणजे गळ्यात घालायच्या. खरं सोन्याचं रोमन नाणं ज्याला परवडत नव्हतं, त्याने मातीचं घातलं. आज आपण याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो. विकणाऱ्याने ते ‘रोमचं’ म्हणून विकलं असेल असं मला वाटत नाही. मातीचं नाणं बघून कोण फसणार? पण परदेशी ठशाची हौस आणि त्या हौसेवर चालणारी देशी भट्टी, हे जोडपं या मातीत किती जुनं आहे ते त्या चकतीवरून कळतं.

परदेशीपणाच्या या मोहाने विद्वानही सुटले नाहीत. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला उत्खनन केलं. तिथे इटलीतली खरी भांडी मिळाली. त्यांच्याबरोबर चाकाने उमटवलेल्या बारीक नक्षीच्या थाळ्यांचे तुकडेही मिळाले आणि तीही भूमध्य समुद्राकडून आलेली, असं मानलं गेलं. पुढे शंका घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी अशा भांड्यांच्या मातीची क्ष-किरणांनी तपासणी केली. मातीतली खनिजं जुळली ती बंगालच्या, गंगेच्या मुखाकडच्या मातीशी. इटली बाजूला राहिली. मातीला खोटं बोलता येत नाही. लेबल लावणारे आपण असतो.

*

तेरचं नाव मात्र तेरच्या मालापेक्षा जास्त टिकलं, आणि तेही विचित्र रीतीने. नवव्या ते तेराव्या शतकात कोकणात आणि कोल्हापुरात शिलाहार राजे होते. अंबरनाथचं शिवमंदिर ज्यांच्या काळातलं, ते. त्यांची राजधानी ठाण्याला, कोल्हापूरला, पण ताम्रपटांत ते स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेतात. तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. प्रत्यक्षात तगर त्यांच्या ताब्यात नव्हतं. आपलं घराणं मूळचं तिथलं, एवढाच त्याचा अर्थ. थोडक्यात, राजांनी लावलेलं ‘मूळ गाव’ लेबल. आज पुण्या-मुंबईत कुठल्याही चौकात ‘तुळजापूरकर’ नावाचं दुकान असतं, त्याच जातीचं.

गंमत म्हणजे एवढ्या राजांनी नाव मिरवूनही एकोणिसाव्या शतकात तगर कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एकाने देवगिरी म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. शेवटी १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या अधिकारी-संशोधकाने तगर म्हणजे तेर असं सप्रमाण मांडलं आणि ते मान्य झालं. गाव जागेवरच होतं, नावही जवळपास तेच होतं. फक्त ते निजामाच्या मुलखात होतं आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘थैर’ झालं होतं. रेल्वे स्टेशनचं नाव तर तेच राहिलं.

रेल्वेचं नाव निघालंच आहे तर बार्शी लाइट रेल्वेबद्दल सांगायला हवं, कारण मूळ हरवायचं ते दुसरं यंत्र होतं. १८९७ साली बार्शीरोड म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रूळांची गाडी सुरू झाली. १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. पलीकडे लागलीच निजामाची हद्द आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. धाराशिव-लातूर भागाचा कापूस, गळिताचं धान्य या वाटेने बाहेर पडायचं. मुंबईच्या कापूस बाजारात ‘बार्शी-नगर’ असा एक प्रकार बोलला जायचा. नाव बार्शीचं, म्हणजे जिथे माल गोळा होऊन गाडीत चढला तिथलं. हद्दीपलीकडे ज्याने तो पिकवला, त्याच्या गावाला त्या नावात जागा नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी तेर जे करत होतं, तेच आता तेरच्या बाबतीत होत होतं.

कापसात भेसळ इतकी माजली की सरकारला कायदे करावे लागले. हलका कापूस गाडीने चांगल्या कापसाच्या भागात न्यायचा, तिथे मिसळायचा आणि चांगल्याच्या नावाने विकायचा, हा धंदा होता. म्हणून १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने ठरावीक संरक्षित भागांत बाहेरचा कापूस आणण्यावर बंधनं घालायची सोय केली. १९२५ च्या कायद्याने प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक टाकणं बंधनकारक केलं. आजच्या क्यूआर कोडचा हा आजोबा.

*

‘मेड इन अमुक’ हा शिक्काही त्याच सुमाराचा. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या चाकू-कात्र्यांवर इंग्लंडच्या शेफिल्डचं नाव ठोकून माल विकला जातोय, अशी शेफिल्डवाल्यांची तक्रार होती. ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली कायदा केला : परदेशी मालावर ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह असेल तर तो कुठे बनला ते लिहायचं. ‘मेड इन जर्मनी’ ही शिक्षा म्हणून आली. झालं उलटंच. लोकांनी माल वापरला, तो चांगला निघाला, आणि काही वर्षांत तो शिक्काच दर्जाची खूण झाला. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, तसाच कायदा इंग्रजी हिंदुस्थानात आला. खोटं ‘व्यापारी वर्णन’ करणं गुन्हा ठरलं, आणि वर्णनात माल कुठे बनला हेही धरलं होतं. कापडाच्या ताग्यावर किती वार ते छापणंही त्यातच आलं.

पण चित्र छापायला कायद्याची मनाई नव्हती. मँचेस्टरच्या गिरण्या भारतात पाठवायच्या ताग्यांवर सुंदर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. लक्ष्मी, कृष्ण, गणपती. कुणी ‘हे देशी आहे’ असं एक अक्षरही लिहिलेलं नाही, तरी बाजारात उभ्या असलेल्या, वाचता न येणाऱ्या बाईला तो तागा आपलाच वाटणार. आज बाटलीवर डोंगर, गाय, जातं आणि नऊवारीतली आजी काढतात, त्याची आणि या चिठ्ठीची जात एकच. खोटं बोलायला शब्द लागतातच असं नाही.

आपल्याकडे आज जो नियम आहे, तो २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत आहे. वजन, किंमत, तारीख, निर्मात्याचा पत्ता हे सगळं पाकिटावर हवं असं सांगणारे हे नियम. २०१७ मध्ये त्यांत बदल झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. २०२० च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली, त्यानंतर ‘चिनी माल कुठला ते सांगा’ अशी मागणी जोरात आली. जुलैत ई-कॉमर्सचे नवे नियम निघाले आणि ती ओळ तुमच्या-माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवर आली.

पण नियमातले शब्द नीट वाचा. ‘उगम, निर्मिती किंवा जुळणी’ यांपैकी जो देश असेल तो. पुन्हा तेच ‘किंवा’. खाद्यपदार्थांच्या नियमांत तर असंही आहे की दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचं मूळ रूपच पालटलं, तर तो दुसरा देशच उगम समजायचा. हे अन्यायाचं आहे असं नाही. गहू एकीकडचा आणि बिस्किट दुसरीकडचं, तर बिस्किटाचा देश दुसराच म्हणावा लागेल. पण रूप पालटलं की नुसतं पाकीट पालटलं, हा वादाचा मुद्दा आहे आणि सगळी चलाखी तिथेच चालते. ‘पॅक्ड इन इंडिया’, ‘मार्केटेड बाय’, ‘डिझाइन्ड इन’ हे शब्द दिसले की मी थांबून पुन्हा वाचतो. ते खोटे नसतात. पण त्यांत माल कुठे झाला ते नसतं.

*

आता खवा. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेतली. यात्रेकरू डोंगर चढून येतात आणि जाताना पेढे नेतात. त्या पट्ट्यात, भूम-वाशी भागात, पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून जनावरं. गावोगाव भट्ट्या आहेत. मोठ्या कढईत दूध, खाली जाळ, आणि उलथनं सतत फिरतं ठेवणारा माणूस. तळाला लागू द्यायचं नाही. त्या धगीपुढे उन्हाळ्यात पाच मिनिटं उभं राहून पाहा. दूध आटत-आटत घट्ट होतं, रंगाला किंचित लालसर येतं, आणि भाजक्या दुधाचा जो वास सुटतो तोच पुढे पेढ्यात लागतो.

मानांकन या खव्याला आहे. ते मिळालं की खोट्या नावाने विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, असं कायदा म्हणतो. कागदावर भक्कम. पण खवा पाकिटातून कमी आणि डब्यांतून जास्त जातो. लाल-पिवळे डबे, त्यात कागद, त्यात खवा, रात्रीच्या गाडीने शहराकडे. तिथल्या हलवायाकडे पोचला की तो फक्त ‘खवा’ असतो. सुट्या मिठाईसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावा, असं बंधन २०२० च्या ऑक्टोबरपासून घातलं गेलं होतं. ‘खवा कुठला’ ते लिहा, असं बंधन नाही. उलट हमरस्त्यावर, धाराशिवपासून लांब कुठेतरी, ‘कुंथलगिरीचा प्रसिद्ध पेढा’ अशी पाटी दिसते. म्हणजे अस्सल खवा नाव टाकून शहरात जातो आणि नाव खव्याशिवाय हमरस्त्यावर उभं राहतं. तगरच्या मलमलीपेक्षा ही गत वेगळी कुठे?

यात अडचण कुणाची, ते भट्टीवर गेलं की कळतं. मानांकनाचा शिक्का वापरायला प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. अर्ज, कागदपत्रं, फी. नोंदणी कार्यालय चेन्नईत. दोन म्हशी आणि एक कढई असलेल्या माणसाला यातून आज काय मिळतं? भाव ठरतो फॅटवर आणि सणावर. दिवाळीआधी शहरात भेसळीच्या खव्यावर छापे पडले की त्याची झळ त्यालाही बसते, कारण त्याच्या डब्यावर तो वेगळा ओळखू येईल असं काहीच नसतं. माझ्या मते मानांकनाचा खरा उपयोग इथे आहे. तो अभिमानासाठी नको, संशयातून सुटण्यासाठी हवा. एका किलोच्या डब्यावर गावाचं नाव, भट्टीचा क्रमांक आणि तारीख. १९२५ साली कापसाच्या गाठीला जे जमलं, ते खव्याच्या डब्याला जमायला काय हरकत आहे? हे काम एकेकट्याचं नाही. गावच्या दूध संस्थेने किंवा शेतकरी कंपनीने हातात घ्यावं लागेल, आणि नोंदीची खटपट तिनेच करावी लागेल.

कवड्याच्या माळेलाही हेच लागू. उद्या कुणी मुंबईत यंत्रावर भोकं पाडून, ओवून, ‘तुळजापूर’ असं छापून विकली तर कवड्या अगदी त्याच असतील. फरक एवढाच की ओवणारे हात तुळजापूरचे नसतील, आणि कायद्याच्या दृष्टीने मूळ म्हणजे नेमके ते हात. अ‍ॅपवरची ‘इंडिया’ ही ओळ त्या हातांबद्दल काही सांगत नाही. ती खरी असूनही त्यांच्या कामाची नाही.

या सगळ्यात गावाचं नावच बदललं तर? तेही आमच्याकडे झालं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. दुकानांच्या पाट्या, बसचे फलक, शाळेचे दाखले, पाकिटांवरचे पत्ते हळूहळू बदलले. पण आमच्या जिल्ह्याचं सगळ्यात दूरवर गेलेलं नाव शेळीच्या गळ्यात आहे. काळी, काटक, बहुतेक वेळा जुळी देणारी, दुष्काळात तगणारी उस्मानाबादी शेळी. देशाच्या पशुजातींच्या नोंदीत ती याच नावाने आहे, आणि शेळीपालनाच्या प्रत्येक व्हिडिओतही. ती आता विदर्भात पैदा होते, कर्नाटकात होते, आणि तिथे जन्मून, तिथला पाला खाऊनही उस्मानाबादीच राहते. मालाच्या नावात गाव असतं, जातीच्या नावातही गाव असतं, पण दोन्हींचा अर्थ एक नव्हे : एक सांगतं माल कुठे झाला, दुसरं सांगतं वंश कुठला. आठवडी बाजारात मात्र कुणी लेबल विचारत नाही. गिऱ्हाईक कान बघतं, दात बघतं, कास चाचपतं, दोन पावलं चालवून बघतं, आणि मगच विचारतं, “कुठल्या गावची हो?”